शिवेवरचं पाणी

सोनबाला खोटं बोलता येत नव्हतं असं कुणी समजू नये. बाप्तिस्मा घ्यायच्या आधी तो चांगला सराईत खोटं बोलायचा. उंबरवाडीच्या महारवाड्यात जन्मलेल्या आणि गावाची येसकरी, म्हणजे वेशीची राखण, केलेल्या माणसाला त्यावाचून गत्यंतरच नव्हतं. पाटील माजघरात घोरत असले तरी दारात आलेल्या शिपायाला 'पाटील भोरला गेल्यात' म्हणून सांगायचं, दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊन वर चार शिव्या खायच्या, हे सगळं कामातच धरलेलं असे. पन्नाशी गाठल्यावर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, ठकुबाईनं, मिशनच्या साहेबाकडून बाप्तिस्मा घेतला, आणि तेव्हापासून मात्र गड्यानं जिभेला असा लगाम घातला की घरच्यांना नको नको झालं. वाटेत कुणी रीत म्हणून 'जेवलास का रं?' विचारलं तर हा सरळ 'न्हाई, भूक लागलीया' म्हणायचा, आणि विचारणाऱ्याची पंचाईत व्हायची.

गावानं आधी टर उडवली. मग हळूहळू गावाला त्याची सोय कळली. कुणाचं जनावर कुणाच्या वावरात शिरलं, कुणी कुणाचा बांध कोरला, की लोक म्हणत, 'सोनबाला इचारा.' गावाला खरं बोलणारा माणूस फार आवडतो, फक्त भांडण दुसऱ्याचं असावं लागतं.

ठकुबाई वारली तेव्हा सोनबानं तिला ख्रिस्ती रीतीनं पुरलं. मिशनच्या वहीत तिचं नाव मार्था होतं. पोरगा चिमाजी नीरेच्या बाजूला रेल्वेच्या कामावर होता. घरात सोनबा आणि सून रतनबाई, एवढी दोनच माणसं. रतनबाईला सातवा महिना लागला होता आणि तिच्या पहिल्या दोन खेपा वाया गेल्या होत्या, त्यामुळे सोनबा तिला जड काही उचलू देत नसे.

एकोणीसशे चौतीस सालच्या त्या चैत्रात उंबरवाडी आणि खैरखोरे यांच्यातलं गवताच्या माळाचं भांडण हातघाईवर आलं. दोन्ही गावांची गुरं त्या माळावर चरायची आणि दोन्ही गावं माळ आपला म्हणायची. आधी गुरं कोंडली, मग टकुरी फुटली, मग माणसं भोरच्या कचेरीत जाऊन बसली. मामलेदारांनी दोन्हीकडचं ऐकून हात झटकले. माळ मोजणीत आलेला नव्हता. तुमच्या जुन्या रीतीनं शीव चालवा आणि दोन्ही गावच्या पंचांचे अंगठे घेऊन कागद आणा, असं सांगून त्यांनी सगळ्यांना घालवून दिलं.

जुनी रीत अशी होती. गावाची शीव कुठून जाते ते येसकराच्या घरातल्या वडीलधाऱ्याला ठाऊक असायचं आणि तो ते आपल्या थोरल्या पोराला दाखवून जायचा. तंटा पडला की त्यानं अंघोळ करून ओलेत्यानं यायचं, मुठीत खंडोबाचा भंडार घेऊन शपथ वाहायची, डोक्यावर मातीचं ढेकूळ घ्यायचं आणि अनवाणी शीव चालायची. मागून दोन्ही गावं मुकाट्यानं चालायची. ढेकूळ जिथं ठेवलं तिथं दगड रोवायचा. मग पंधरा दिवस वाट बघायची. चालणाऱ्याच्या घरात त्या पंधरवड्यात कुणी मेलं नाही, तर शीव खरी. मेलं, तर तो खोटं चालला आणि देवानं त्याला पकडलं, असं धरून शीव दुसऱ्या गावाच्या म्हणण्याप्रमाणे जायची.

सोनबाच्या बापानं चाळीस वर्षांमागं ही शीव चालली होती आणि सोनबा त्याच्या मागोमाग होता. धाकटा भाऊ गेनू तेव्हा रांगत होता. तेव्हाचा दगड कधीच कुणी उपटून नेला होता. म्हणजे शीव चालायचा हक्क असलेला जिवंत माणूस एकच, आणि तो ख्रिस्ती झालेला.

आनंदराव पाटलांनी त्याला वाड्यासमोर बोलावलं. लांबच उभं केलं, पण आवाज मऊ ठेवला.

"सोनबा, वरच्या ओघळीनं चालायचं. समजलं न्हवं?"

"पाटील, शीव खालच्या ओघळीनं हाय."

पाटील रागावले नाहीत. ते हुशार होते. "असंल. पण खालच्या ओघळीनं गेलास तर मधला झरा खैरखोऱ्याचा हुतो. मला काय, माज्या दारात आड हाय. तुज्या वाड्यातल्या बाया पानी कुठलं भरत्यात?"

सबंध महारवाडा त्या झऱ्यावर जगत होता. गावच्या आडावर त्यांची सावलीही चालत नव्हती. झरा सोडला तर गुंजवणी नदी, ती दीड कोसावर, आणि जायची वाट म्हणजे सुटलेल्या मुरमाची उतरण. इकडे आड तिकडे विहीर अशी म्हण आहे खरी, पण दोन्हींतलं एक जरी असतं तरी सोनबाला एवढा घोर पडला नसता.

रात्री घरात गेनू त्याच्या पायाशी बसला. गेनू ख्रिस्ती झाला नव्हता, पण भावावर त्याचा जीव होता. "दादा, कुनाचा गळा कापायचा न्हाई, कुनाच्या घरात शिरायचं न्हाई. दोनशे पावलं वरनं चालायचं. येवढंच."

रतनबाईनं चुलीपाशी बसूनच विचारलं, "मामंजी, तुमी खरं बोलला तर त्येनं माजी घागर भरंल का?"

सोनबाला सुनेचा राग आला नाही. तिचं खरं आहे हे त्याला कळत होतं. रविवारी मिशनचे उपदेशक सावळाराम मास्तर प्रार्थनेला आले तेव्हा त्यानं सगळं त्यांच्यापुढं मांडलं. मास्तर नगरकडचे, चार बुकं शिकलेले, मनानं वाईट नव्हते. पण पगारी माणूस. त्यांचं पाणी कधी तुटलं नव्हतं.

"ख्रिस्ती माणसानं शपथ वाहायची नाही, सोनबा. त्याचा साधा शब्दच पुरे. आणि तो खराच असला पाहिजे."

"आन् पानी?"

"पाण्याची काळजी देव करील," मास्तर म्हणाले, आणि रतनबाईनं पुढं केलेला तांब्या त्यांनी घटाघटा रिकामा केला. पाणी झऱ्याचंच होतं.

चालायच्या दिवशी माळावर दोन्ही गावं जमली. सोनबा ओलेत्यानं उभा राहिला. खैरखोऱ्याच्या पंचांत म्हातारे कुंडलिकबाबा थोर. त्यांनी भंडाराची वाटी पुढं करवली. सोनबानं हात मागं घेतला.

"म्या भंडार उचलनार न्हाई. मी किरिस्ताव हाय. ढेकूळ घेतो, माती कुना एकाची नसती. पन शपथ वाहनार न्हाई. माजा शबूद घ्या."

कालवा झाला. शपथेशिवाय शीव कधी कुणी चालवली होती? उंबरवाडीची माणसं चिडली, खैरखोऱ्याची माणसं हसली. शेवटी कुंडलिकबाबांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या भंडार. पन पंधरवडा तर ह्याच्या घराला चुकत न्हाई? काय रं सोनबा, पंधरवडा कबूल हाय?"

इथं सोनबा चुकला. पंधरवड्याचा न्याय हाही त्याच देवांचा, ज्यांचा भंडार त्यानं नाकारला होता. 'मला हे बी कबूल न्हाई' एवढं त्यानं म्हणायला हवं होतं. पण ओल्या अंगानं एवढ्या लोकांत उभं राहिल्यावर माणसाला चेव येतो. त्याला वाटलं, मी खरं चालणार आहे, मग माझा देव मला खोटा कशाला पाडील? बघू दे की दोन्ही गावांना. आणि त्यानं छाती काढून सांगितलं, "कबूल हाय."

ढेकूळ डोक्यावर घेऊन तो निघाला. मागं शेदोनशे माणसं, पण शब्द नाही. करवंदीच्या जाळीपर्यंत वाट एकच होती. तिथं ती फुटे, वर एक आणि खाली एक. जाळीपाशी त्याचे पाय घोटाळले. मागून गेनूचा खोकला त्याला ऐकू आला, आणि भाऊ उगाच खोकत नाही हेही कळलं. मग तो खालच्या ओघळीला वळला. झरा त्याच्या उजव्या हाताला राहिला, खैरखोऱ्याच्या बाजूला. बापानं ठेवलं होतं तिथंच, सपाट कातळाच्या कडेला, त्यानं ढेकूळ ठेवलं.

खैरखोऱ्याची माणसं ओरडली, नाचली. कुणीतरी त्याच्या नावानं चांगभलं केलं. सोनबा कुंडलिकबाबांना म्हणाला, "बाबा, आमच्या बायांचं पानी तेवढं..."

"बघू की," बाबा म्हणाले.

बघायला त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाया घागरी घेऊन गेल्या तर झऱ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि कुंपणाशी काठ्या घेऊन खैरखोऱ्याचे चौघे. उंबरवाडीनं त्यांची गुरं कोंडली होती, त्याचा राग त्यांनी पाटलाच्या आडावर काढला नाही. तो काढायला महारवाडा सोपा होता.

महारवाडा नदीवर गेला. दिवसाला दोन खेपा, वर चैत्राचं ऊन. सोनबाशी बोलायचं सगळ्यांनी सोडलं. गेनूची बायको त्याच्या दारावरून जाताना थुंकायची. सोनबानं स्वतः खांद्यावर घागर घेतली. बाप्या माणूस पाणी भरतो म्हणून बाया आधी हसल्या, मग हसायचंही सोडलं. साठीचा म्हातारा घरच्या दोन घागरी आणायचा आणि रतनबाईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचा नाही. मनात दिवस मोजायचा. पाच झाले, आठ झाले, अकरा झाले.

बारावा दिवस रविवारचा. कामथडीला आसपासच्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचा मेळा होता आणि मास्तरांनी सोनबासाठी मुद्दाम निरोप धाडला होता. पहाटे एकच खेप करून तो निघाला. संध्याकाळपर्यंत परततो, म्हणाला. मेळ्यात मास्तरांनी त्याला सगळ्यांपुढं उभा केला आणि या भावानं दोन गावांसमोर कसा खरेपणा राखला ते रंगवून सांगितलं. लोकांनी गाणं म्हटलं. एका बाईनं डोळे पुसले. सोनबाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. बारा दिवसांत त्याच्याकडं कुणी माणूस म्हणून बघितलं नव्हतं.

त्याच वेळी घरात पाणी संपलं होतं. रतनबाईनं शेजारी तांब्याभर मागितलं. शेजारीण म्हणाली, तुज्या सासऱ्याला माग. मग रतनबाई घागर घेऊन नदीला गेली. जाताना काही झालं नाही. भरल्या घागरीनं चढताना मुरमावरून पाय सटकला आणि ती घागरीसकट खाली गेली.

सोनबा दिवस मावळायच्या सुमारास आला तेव्हा बायांनी तिला घरी आणून निजवलं होतं. सुईण सगुणाबाई आत होती. सोमवारी उजाडता उजाडता पोर झालं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली. बारीक रडली, तरी दाराबाहेर बसलेल्या सोनबानं ते ऐकलं. सगुणाबाईनं बाहेर येऊन मान हलवली.

साहेबानं एकदा शिकवलं होतं की उपदेशक जवळ नसला आणि वेळ नसली तर कुणाही ख्रिस्ती माणसानं बाप्तिस्मा द्यावा. सोनबा उठला. घरात पाण्याचा थेंब नव्हता. तो गेनूच्या दारात जाऊन उभा राहिला. गेनूच्या बायकोनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि वाटीत पाणी दिलं. त्यानं ते पोरीच्या टाळूवर लावलं आणि तिचं नाव मार्था ठेवलं. रतनबाईनं तिला कुशीत घेतलं. दुपारपर्यंत पोरीचा श्वास चालला होता, नंतर तो थांबला. सोनबानं तिला ठकुबाईशेजारी पुरलं.

पंधरवडा भरला त्या दिवशी पंच आले, तेही महारवाड्याच्या तोंडाशी, कारण बातमी फुटली होती. उंबरवाडीला तर हर्षच झाला होता. आनंदराव पाटील म्हणाले, "घरात मर्तिक झालं. शीव खोटी. झरा आमचा, माळ आमचा."

"कसलं मर्तिक?" कुंडलिकबाबा उसळले. "पोर मेलेलंच निपजलं. ते मर्तिकात धरीत न्हाईत."

"रडलं की पोर! सगुणाबाईला इचारा."

"सुईन तुमच्या गावची. ती तुमचीच री वढनार."

बराच वेळ तूतू-मैंमैं झाली, आणि मग, व्हायचं तेच झालं, कुणीतरी म्हणालं, "सोनबाला इचारा."

सोनबा तोंडाशीच असलेल्या आपल्या घराच्या भिंतीशी उभा होता. कुंडलिकबाबा त्याच्याजवळ आले. एरवी असल्या वरच्या जातीच्या म्हाताऱ्यानं इतक्या जवळ येणं अशक्य होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "सोनबा, तू खरं चाललास, मला म्हाईत हाय. माज्या बापानंबी खालचीच ओघळ सांगितली व्हती. आता येवढंच म्हन, पोरीत जीव नव्हता. मग तुजं खरं खरंच ऱ्हाईल."

त्या घटकेला सोनबाच्या मनात काय काय आलं! जीव नव्हता म्हटलं तर शीव जिथं आहे तिथं राहते. त्याचा शब्द राहतो. ज्या देवाला त्यानं छाती काढून पणाला लावलं, त्याची लाज राहते. आणि एवढ्यासाठी काय करायचं, तर सकाळपासून दुपारपर्यंत श्वास घेतलेल्या पोरीला ती जन्मलीच नाही म्हणायचं. तिच्या टाळूवर लावलेलं पाणी, तिला दिलेलं नाव, सगळं झालंच नाही म्हणायचं. आत रतनबाई ऐकत होती. दाराआडून तिचा पदर दिसत होता.

"जित्ती व्हती," सोनबा म्हणाला. "रडली. दुपारपातूर व्हती. नाव ठिवलं व्हतं तिचं."

उंबरवाडीनं एकच गलका केला. कुंडलिकबाबा दोन पावलं मागं सरले आणि जमिनीवर थुंकले. "खोटारडा! धा गावाला खरेपना सांगत फिरतोय, आन् देवाला फसवून खोटी शीव चालला."

"बाबा, आत्ताच तुमी..." सोनबा एवढंच बोलू शकला. मग मोठ्यानं म्हणाला, "शीव खालच्याच ओघळीनं हाय. म्या खरं चाललो." लोक हसले. ज्याच्या घरात पंधरवड्याच्या आत माती झाली, त्याचं कोण ऐकतो? पंचांनी कागदावर अंगठे उठवले आणि सपाट कातळाकडंचा दगड उपटून दोनशे पावलं वर नेऊन रोवला.

काट्यांचं कुंपण त्याच दिवशी निघालं. महारवाड्यातल्या बाया झऱ्यावर गेल्या आणि तिथंच एकमेकींच्या अंगावर पाणी उडवून हसल्या. ते हसणं सोनबाला घरात बसून ऐकू आलं. त्यांना नावं ठेवायचं त्याच्या मनात आलं नाही. संध्याकाळी गेनू भाकरी घेऊन आला, भावाशेजारी बसला आणि बोलून गेला, "दादा, झालं ते एका परीनं..." आणि पुढचं गिळून उठून गेला.

रविवारी सावळाराम मास्तर आले. त्यांना पाणी परत मिळाल्याचं कळलं होतं. प्रार्थनेत ते म्हणाले की देवाची वाट माणसाला उमगत नाही, पण तो आपल्या लेकरांना तहानलेलं ठेवत नाही. महारवाड्यातल्या दुसऱ्या दोन ख्रिस्ती घरांची माणसं 'आमेन' म्हणाली. सोनबाचे ओठ हलले नाहीत. मास्तरांनी ते पाहिलं आणि दुःखानं होतं असं, म्हणून सोडून दिलं.

दहाव्या दिवशी रतनबाई उठली. सोनबा नको नको म्हणत असताना तिनं घागर उचलली आणि ती झऱ्याला गेली. परत आल्यावर तिनं तांब्या भरून सासऱ्यापुढं ठेवला. सोनबा त्याकडं बघत बसला.

"प्या की," ती म्हणाली. "ह्याच झऱ्याचं हाय."

"रतन, पोरी, म्या खोटं चाललो न्हाई. तुला तरी ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय." ती ओरडली नाही, रडलीही नाही. बाजारातला भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. "मामंजी, त्या दिशी तुमी खोटं चालला असता तर पानी बी ऱ्हायलं असतं आन् माजी पोर बी."

बाप्तिस्म्यापासूनच्या बारा वर्षांत सोनबाला कुणाच्याही प्रश्नाला खरं उत्तर देता आलं होतं. आता त्यानं तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. रतनबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवून दुसरी घागर घेतली आणि झऱ्यावर गर्दी व्हायच्या आत भरून आणायला निघून गेली.